दिल्लीत अधिकार कोणाचा, हे शोधायचं कसं

प्रश्न असा आहे: दिल्लीत विधानसभा आहे, मुख्यमंत्री आहेत, बहुमतही असतं. मग पोलिसांपासून महापालिकेतल्या स्वीकृत सदस्यांपर्यंत सगळीकडे नायब राज्यपाल आणि केंद्र सरकार कसं काय येतं? एखाद्या बाबतीत अधिकार नेमका कोणाचा हे ओळखायचं कसं? आणि चंदीगडचा तंटा हाच, की वेगळा?

‘दिल्ली कोणाची’ असं विचारून हाती काही लागत नाही. त्यापेक्षा एकच विषय घ्या, मग तो नाला असो, एखादी बदली असो की शाळेसाठीचा भूखंड, आणि चार गोष्टी क्रमाने तपासा. विषय राज्यसूचीतल्या (घटनेने राज्यांकडे दिलेल्या विषयांच्या यादीतल्या) कोणत्या नोंदीत बसतो? ज्या कायद्याखाली काम चालतं त्यात अधिकार कोणाच्या नावे दिला आहे? जागा कोणाची? आणि फाईलवर सही करणाऱ्या अधिकाऱ्याची बदली कोण करतं? पुस्तकी चर्चा पहिल्या प्रश्नाभोवतीच फिरते. माझ्या मते निकाल लागतो तो चौथ्यावर, आणि गेल्या दहा वर्षांतलं मोठं भांडण त्याचंच होतं.

थोडी पार्श्वभूमी. १९५२ मध्ये दिल्लीला ४८ जागांची विधानसभा मिळाली होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेबरोबर ती गेली. मग १९५७ च्या कायद्याने महापालिका आली, त्याच वर्षी दिल्ली विकास प्राधिकरण, म्हणजे डीडीए आलं. १९६६ च्या कायद्याने महानगर परिषद आली, पण तिचं काम शिफारशी करण्याचं. आजची रचना ६९ व्या घटनादुरुस्तीची. अनुच्छेद २३९अअ १ फेब्रुवारी १९९२ पासून लागू झाला आणि १९९३ मध्ये ७० जागांच्या विधानसभेची पहिली निवडणूक झाली. महापालिका आणि डीडीए हे दोन्ही केंद्राच्या कायद्याने, विधानसभा नव्याने येण्याच्या साडेतीन दशकं आधी उभे राहिले होते, हे ध्यानात असू द्या. नंतर आलेल्या सरकारला घर मिळालं ते आधीच वाटण्या झालेलं.

आता नोंदी. २३९अअ(३) नुसार दिल्लीची विधानसभा राज्यसूची आणि समवर्ती सूचीतल्या विषयांवर कायदे करू शकते, मात्र राज्यसूचीतल्या नोंदी १, २ आणि १८ वगळून. म्हणजे सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस आणि जमीन. या तिघींशी संबंधित असतील तेवढ्यापुरत्या नोंदी ६४, ६५, ६६ (गुन्हे, न्यायालयांची अधिकारिता, शुल्क) सुद्धा बाहेर. इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असतं. पुढचं उपकलम मात्र वाचायचं राहून जातं: संसद दिल्लीसाठी कोणत्याही विषयावर कायदा करू शकते, राज्यसूचीतल्या विषयावरही. दोन कायद्यांत विसंगती असेल तर संसदेचाच टिकतो, अपवाद राष्ट्रपतींची संमती घेतलेल्या विधेयकाचा. पूर्ण राज्याला राज्यसूचीचं जे कवच असतं ते दिल्लीला नाही. त्यामुळे ‘हा विषय राज्यसूचीत आहे, केंद्राने हात घालू नये’ हा युक्तिवाद दिल्लीत अर्धाच चालतो.

वगळलेल्या विषयाची हद्द आखताना नावावर जाऊ नका. शेतजमिनीचा सर्कल रेट, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी धरायचा किमान दर (आपल्याकडचा रेडी रेकनरच), कोण ठरवणार? ऐकताना हा जमिनीचाच विषय वाटतो. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २०१९ च्या निकालात तो मुद्रांकाचा विषय धरून दिल्ली सरकारकडे ठेवला. त्याच निकालात विशेष सरकारी वकील नेमण्याचा अधिकार दिल्लीकडे आला, भ्रष्टाचारविरोधी शाखा मात्र केंद्राकडे गेली, कारण शाखा पोलिसांची. चौकशी आयोगही केंद्राचाच. त्यामागचं कारण समजून घेतलं की अर्धे तंटे आपोआप उलगडतात.

ते कारण असं. संसदेच्या कायद्यात ‘राज्य सरकार’ असे शब्द असले आणि तो कायदा केंद्रशासित प्रदेशाला लावायचा झाला, की सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ च्या कलम ३ मधल्या व्याख्येनुसार तिथे ‘केंद्र सरकार’ असं वाचावं लागतं. संदर्भावरून वेगळा अर्थ निघत असेल तरच सुटका. म्हणून कायदा उघडल्यावर ‘राज्य सरकार’ दिसलं की खूश होऊ नका. तीन गोष्टी पाहा: त्या कायद्यात दिल्लीसाठी स्वतंत्र व्याख्या आहे का; केंद्राने अनुच्छेद २३९ खाली अधिसूचना काढून तो अधिकार नायब राज्यपालांकडे सोपवला आहे का; आणि सोपवताना ‘मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने’ वगैरे काही अट घातली आहे का. कायद्यात सरळ ‘प्रशासक’ (दिल्लीत म्हणजे नायब राज्यपाल) असा शब्द असेल तर प्रकरण आणखी घट्ट होतं. महापालिकेवर दहा तज्ज्ञ, म्हणजेच स्वीकृत सदस्य नेमण्याचा अधिकार कायद्याने प्रशासकाला दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ५ ऑगस्ट २०२४ रोजी सांगितलं की हा अधिकार कायद्याने थेट दिलेला आहे, तो वापरताना नायब राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याला बांधील नाहीत.

या दहा जणांवरून एवढा गदारोळ का, असा प्रश्न पडेल. त्यांना महापौराच्या निवडणुकीत मत नाही. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी न्यायालयाने ते स्पष्ट केलं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाला महापौर मिळाला तो २२ फेब्रुवारीला, तीन सभा गुंडाळल्यावर. पण प्रभाग समित्यांमध्ये या सदस्यांना मत असतं. महापालिकेचे १२ विभाग, प्रत्येकाची एक प्रभाग समिती. स्थायी समितीचे १८ सदस्य, त्यांतले ६ सभागृहातून आणि १२ या विभागांतून, प्रत्येकी एक. दहा मतं दोन-तीन अटीतटीच्या विभागांत टाकली की स्थायी समितीचं पारडं फिरतं, आणि मोठ्या रकमेची कंत्राटं त्या समितीपुढे येतात.

सल्ला बंधनकारक असतो तेव्हाही एक वाट उरते: २३९अअ(४) चं परंतुक, म्हणजे त्याला जोडलेली अपवादाची अट. नायब राज्यपाल आणि मंत्र्यांमध्ये ‘कोणत्याही बाबीवर’ मतभेद झाला तर ते प्रकरण राष्ट्रपतींकडे, म्हणजे प्रत्यक्षात गृह मंत्रालयाकडे पाठवता येतं, आणि निकड असेल तर निर्णय येईपर्यंत स्वतः आदेश देता येतो. ४ जुलै २०१८ च्या घटनापीठाने याला लगाम घातला. ‘कोणतीही बाब’ म्हणजे ‘प्रत्येक बाब’ नव्हे. मंत्रिमंडळाने निर्णय कळवायचा, मंजुरी मागायची नाही. त्यासोबत १९९३ च्या कार्यनियमांतला क्रमही पाळावा लागतो. मतभेद एका मंत्र्याशी असेल तर आधी चर्चा. नाही मिटला तर विषय मंत्रिमंडळापुढे (नियम ४९). मंत्रिमंडळाशीही मतभेद उरला तर केंद्राकडे (नियम ५०). तोवर काम थांबवायचं की तातडीने करायचं, याचा आदेश नियम ५१ खाली.

फाईल पाहताना हा क्रम कागदावर दिसतो का, ते बघा. नुसता ‘फेरविचार व्हावा’ असा शेरा मारून फाईल परत आली असेल तर तो मतभेदाचा संदर्भ होत नाही. मंत्र्याने परत पाठवलेली फाईल मंत्रिमंडळापुढे न जाता थेट गृह मंत्रालयात गेली असेल तर पायरी चुकलेली आहे. दुसऱ्या बाजूनेही चूक होते. दिल्लीच्या कारभाराविषयीच्या केंद्रीय कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर (अंमल २७ एप्रिल २०२१ पासून) नायब राज्यपालांनी आदेशाने ठरवून दिलेल्या बाबतींत कार्यकारी कृती करण्याआधी त्यांचं मत घ्यावंच लागतं. ते न घेता काढलेला आदेश गुणवत्तेवर कितीही चांगला असो, त्याच मुद्द्यावर अडकतो. त्याच दुरुस्तीने विधानसभेच्या कायद्यांतला ‘सरकार’ हा शब्द नायब राज्यपाल असा वाचायचा असं ठरवलं, आणि रोजच्या प्रशासनाची चौकशी विधानसभेच्या समित्यांना बंद केली.

आता चौथा प्रश्न, बदल्यांचा. राज्यसूचीतली नोंद ४१ म्हणजे राज्याच्या लोकसेवा. दिल्लीला स्वतःचा लोकसेवा आयोग नाही. वरचे अधिकारी भारतीय प्रशासन सेवेतले किंवा दानिक्सचे, म्हणजे दिल्ली आणि अंदमान-निकोबारसह काही केंद्रशासित प्रदेशांच्या सामाईक नागरी सेवेतले. २१ मे २०१५ रोजी गृह मंत्रालयाने अधिसूचना काढली की सेवा हा विषयही दिल्ली सरकारकडे नाही. तिथून सुरू झालेली लढाई ऑगस्ट २०१६ मध्ये उच्च न्यायालयात केंद्राच्या बाजूने लागली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांची या मुद्द्यावर मतं फुटली. शेवटी ११ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की सुव्यवस्था, पोलीस आणि जमीन सोडून बाकी सेवा दिल्ली सरकारच्या. तर्क साधा होता: अधिकारी मंत्र्याला उत्तरदायी नसेल तर मंत्री विधानसभेला काय उत्तर देणार?

आठच दिवसांत, १९ मे रोजी, अध्यादेश निघाला. ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला. ही यंत्रणा बारकाईने पाहण्यासारखी आहे. राष्ट्रीय राजधानी नागरी सेवा प्राधिकरण नावाची तीन जणांची समिती: मुख्यमंत्री अध्यक्ष, मुख्य सचिव सदस्य, प्रधान गृह सचिव सदस्य सचिव. निर्णय बहुमताने. म्हणजे बदल्यांच्या बैठकीत मुख्यमंत्र्यांच्या एका मतासमोर दोन अधिकाऱ्यांची दोन मतं, आणि गणपूर्तीही दोघांची. निघते ती फक्त शिफारस. नायब राज्यपाल ती परत पाठवू शकतात, आणि मतभेद राहिला तर शेवटचा शब्द त्यांचा. अध्यादेशात विधानसभेला नोंद ४१ वर कायदा करण्यास मनाई करणारं कलम होतं. कायद्यातून ते गाळलं. अधिकार हाती ठेवायला त्याची गरजही नव्हती. या कायद्याला आव्हान देणारं प्रकरण घटनापीठाकडे सोपवलेलं आहे. फेब्रुवारी २०२५ नंतर दिल्लीत आणि केंद्रात एकाच पक्षाची सरकारं आल्याने बातम्या थंडावल्या, एवढंच. कलमं तीच आहेत आणि पुढच्या वेळी वेगळा पक्ष आला की पहिल्याच महिन्यात बाहेर येतील.

हे सगळं जमिनीवर कसं दिसतं ते नाल्यावर बघू, कारण दर पावसाळ्यात विचारला जाणारा प्रश्न तोच. दिल्लीचं क्षेत्र सुमारे १४८३ चौरस किलोमीटर. त्यातलं साधारण १३९७ महापालिकेचं. नवी दिल्ली नगरपालिका परिषदेचं आणि छावणी मंडळाचं प्रत्येकी ४३ च्या आसपास. नगरपालिका परिषद १९९४ च्या केंद्रीय कायद्याखाली चालते आणि छावणी संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत. महापालिकेच्या हद्दीत ६० फूट किंवा त्याहून रुंद रस्ते साधारणपणे दिल्ली सरकारच्या सार्वजनिक बांधकाम विभागाचे, कडेच्या गटारांसह. त्याहून अरुंद ते महापालिकेचे. राष्ट्रीय महामार्ग वेगळे. डीडीएने वसवलेल्या पण अजून हस्तांतरित न झालेल्या वसाहतीत गल्लीसुद्धा डीडीएची. मोठे नाले (नजफगड नाला हा त्यांतला सर्वांत मोठा) पाटबंधारे व पूरनियंत्रण विभागाकडे. मैलावाहिन्या दिल्ली जल बोर्डाच्या.

समजा ६० फुटी रस्त्यावर गुडघाभर पाणी साचलं. बांधकाम विभागाने आपल्या गटारातला गाळ काढलेला असतो, पण ते गटार उतरतं महापालिकेच्या नाल्यात आणि त्याचं तोंड बुजलेलं असतं. किंवा थरावर थर डांबर टाकून रस्ता इतका उचललेला असतो की गटाराच्या जाळ्या आणि पाण्याचा उतार जुळतच नाही. काढलेला गाळ कडेलाच वाळत पडतो आणि पहिल्या सरीत परत आत जातो; उचलायचा कोणी, यावर दोन खात्यांची पत्रापत्री चालू असते. पाण्याला मैल्याचा वास येत असेल तर जल बोर्डाची वाहिनी पावसाळी गटारात फुटलेली किंवा जोडलेली आहे. नाल्यावर बांधकाम असेल तर जमीन कोणाची ते पाहा, बहुधा डीडीए. आणि ते पाडायला बंदोबस्त हवा, तो दिल्ली पोलिसांचा, म्हणजे गृह मंत्रालयाचा. एका साचलेल्या पाण्यात दोन सरकारं, एक महापालिका, एक प्राधिकरण आणि एक मंडळ उभं असतं. यात कोणी लबाडी करत असतं असं नाही. प्रत्येक खातं आपापल्या हद्दीपुरतं खरं बोलतं, आणि पाणी हद्दीवर साचतं.

म्हणून तक्रार लिहिताना रस्त्याचं नाव, रुंदी, पाणी कुठून येऊन कुठे थांबतं आणि जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक द्या. ‘हे आमच्याकडे नाही’ या उत्तराला तेवढ्यानेच बराच आळा बसतो. माहिती अधिकाराचा अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) नुसार तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्या कार्यालयाचं काम. अर्जातच तसा उल्लेख करा. दुसरं अपील मात्र खातं दिल्लीचं असो की केंद्राचं, केंद्रीय माहिती आयोगाकडेच, कारण दिल्लीला राज्य माहिती आयोग नाही. उच्च न्यायालयात रिट करायची असेल तर केंद्र सरकार, दिल्ली सरकार आणि संबंधित स्थानिक संस्था तिघांनाही प्रतिवादी करा. एकाला वगळलं की पहिल्या तारखेला उरलेले दोघे त्याच्याकडेच बोट दाखवतात.

पैशाची बाजू थोडक्यात. केंद्रशासित प्रदेश असल्याने वित्त आयोगाच्या करवाटपात दिल्ली येत नाही; त्याबदल्यात मिळणारं अनुदान २००१-०२ पासून वर्षाला ३२५ कोटींवर गोठलेलं होतं. दुसरीकडे दिल्ली पोलिसांचा खर्च केंद्र उचलतं, हेही सांगायला हवं. पूर्ण राज्याची मागणी करणारे तो आकडा मांडत नाहीत. महापालिकेची गंमत निराळी. मे २०२२ मध्ये तीन महापालिकांची पुन्हा एक झाली (प्रभाग २७२ चे २५०), तेव्हा कायद्यात बहुतेक ठिकाणी ‘सरकार’च्या जागी ‘केंद्र सरकार’ आलं. करांतला हिस्सा मात्र दिल्ली सरकारच्या तिजोरीतूनच जातो. पगार थकले की दोन्हीकडचे कागद आपापल्या जागी बरोबर असतात.

चंदीगडचा तंटा याहून वेगळा. तिथे विधानसभाच नाही, त्यामुळे निवडून आलेलं सरकार विरुद्ध प्रशासक हा झगडा नाही. दोन राज्यं एका शहरावर दावा सांगतात आणि ते शहर दोघांचंही नाही. १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबची विभागणी झाली तेव्हा चंदीगड केंद्रशासित झालं आणि पंजाब, हरियाणा दोघांची राजधानी. २९ जानेवारी १९७० ला केंद्राने ते पंजाबला देण्याची घोषणा केली, आणि पंजाबातला अबोहर-फाजिल्का हा भाग हरियाणाला. जुलै १९८५ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी आणि अकाली नेते लोंगोवाल यांच्यात झालेल्या कराराने २६ जानेवारी १९८६ ही तारीखच ठरवली. दोन्ही वेळा गाडं एकाच जागी रुतलं: चंदीगडच्या बदल्यात हरियाणाला कोणती गावं द्यायची. भाषा धरायची की सलगता, यावर आयोगांमागून आयोग बसले.

तिथला रोजचा झगडा पदांचा असतो. नोकरवर्ग पंजाब आणि हरियाणातून ६०:४० प्रमाणात घ्यायचा संकेत. १ एप्रिल २०२२ पासून कर्मचाऱ्यांना केंद्राचे सेवानियम लागू झाले, तेव्हा पंजाब विधानसभेने त्याच दिवशी चंदीगडवर हक्क सांगणारा ठराव केला आणि चार दिवसांनी हरियाणाने उलट ठराव केला. असे ठराव कोणालाच बांधत नाहीत. हद्द बदलायची तर अनुच्छेद ३ खाली संसदेचा साधा कायदा पुरतो. ज्या राज्याचं क्षेत्र, सीमा किंवा नाव बदलतं त्याच्या विधानसभेचं मत राष्ट्रपतींनी मागवायचं असतं. ते मत मानायलाच हवं असं नाही. अनुच्छेद ३ मधल्या या अटीच्या शब्दांप्रमाणे नुसतं चंदीगड पंजाबात घातलं तर मत मागवावं लागेल पंजाबचं. गावांची अदलाबदल आली की हरियाणाचंही. हरियाणा गावांचा मुद्दा कधीच सोडत नाही, त्याला ही कायदेशीर बाजूही आहे.

विमानतळ पाहिला तर हा तंटा नकाशावर दिसतो. धावपट्टी चंदीगडची, टर्मिनल मोहालीच्या बाजूला पंजाबच्या जमिनीवर, कंपनीत विमानतळ प्राधिकरणाचे ५१ टक्के आणि दोन्ही राज्यांचे साडेचोवीस-साडेचोवीस. नावात मोहाली घालायचं की पंचकुला, यावर वर्षं गेली. २०२२ मध्ये शहीद भगतसिंग यांचं नाव दिल्यावर ते निवळलं. शहराभोवतीच्या पट्ट्याचंही तसंच. १९५२ च्या परिघ नियंत्रण कायद्याने आधी ५ आणि नंतर १० मैलांपर्यंत बांधकाम रोखलं होतं. १९६६ नंतर तो पट्टा तिघांत विभागला गेला आणि त्यातच मोहाली आणि पंचकुला उभी राहिली. आज या पट्ट्यात जमीन घेणाऱ्याने आधी ती कोणत्या महसुली हद्दीत आहे ते पाहावं. कायद्याचं नाव तिन्ही बाजूंना एकच ऐकू येतं, पण नंतरच्या दुरुस्त्या वेगवेगळ्या आहेत. चंदीगडच्या हद्दीत तर १९६६ पूर्वीचा पंजाबचा कायदा पंजाब पुनर्रचना अधिनियमाच्या कलम ८८ मुळे चालू राहतो, आणि पंजाबने त्यानंतर केलेली दुरुस्ती केंद्राने कलम ८७ खाली अधिसूचनेने आणली असेल तरच लागू होते. पंजाबचं ताजं कायदेपुस्तक उघडून चंदीगडचं उत्तर देणारे वकील दरवर्षी इथेच फसतात.